किती ओढते ही गाडी?

गाडी घरी आली त्या रात्री पावणेदोनच्या सुमारास मला जाग आली. नव्या वस्तूच्या पहिल्या रात्री झोप तशीही सावधच असते. खाली पोर्चमध्ये गाडी चार्जिंगला लावली होती. तिचा मंद उघडझाप करणारा हिरवा दिवा एकदा बघून यावा म्हणून जिना उतरले, तर पॅसेजमध्ये अंधारात बाबा उभे. मीटरशेजारच्या बोर्डासमोर, उजवा तळवा बोर्डाच्या पत्र्यावर टेकवून, मान थोडी खाली घालून. दार ठोठावून आतून काही उत्तर येतंय का ते ऐकत असावेत, तसे. मी दिवा लावला तरी त्यांनी हात काढला नाही. "झोप नाही का लागत, बाबा?" असं विचारल्यावर ते वळले नाहीत. "बोर्ड तापलाय," एवढंच म्हणाले. आणि मग क्षणभर थांबून, "किती ओढते ही गाडी?"

मी लगेच बॅटरी किती किलोवॅट-तासांची आहे ते सांगितलं, पूर्ण भरली की किती किलोमीटर जाते तेही सांगितलं. महिनाभर हेच आकडे तोंडात होते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "हे साठवते किती ते झालं. मी विचारतोय, ओढते किती." मला उत्तर देता आलं नाही. पोर्चमध्ये जाऊन बटण बंद केलं, प्लग काढायला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. पिना सॉकेटमधून सोडवताना एक विचित्र वास आला, जळक्या माशासारखा. तो वास प्लास्टिकचाच होता. सॉकेटचं आणि वायरींचं काही प्लास्टिक तापलं की असाच वास सुटतो, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या रात्री फक्त एवढं कळलं की वरच्या मजल्यावर मी गाढ झोपले असते तर हा वास माझ्यापर्यंत आलाच नसता.

तो प्रश्न मात्र सकाळपर्यंत सोबत होता. गाडी घ्यायची ठरल्यापासून मी किती वाचलं, किती विचारलं! रंगापासून टायरपर्यंत, बॅटरीच्या रसायनापासून मागच्या सीटच्या उंचीपर्यंत. ती ज्या घरातून वीज घेणार, त्या घराला मात्र मी काही विचारलंच नव्हतं. पोर्चमध्ये तीन पिनांचं पॉवर सॉकेट आहे, गाडीसोबत आलेल्या केबलला तसाच प्लग आहे, म्हणजे झालं, एवढाच माझा विचार. प्लग बसतोय ना, मग घराला चालतंय, असं मी धरून चालले होते.

बाबांची रीत वेगळी. ते आयुष्यभर हिशेबाच्या कामात होते आणि वीज त्यांना जमाखर्चासारखीच कळते. मी लहान होते तेव्हा आमच्या बोर्डावर चिनी मातीचे फ्यूज होते. दिवे गेले की मी टॉर्च धरायची आणि बाबा आधी मेन स्विच खाली ओढून, मग तो पांढरा गुळगुळीत फ्यूज खेचून बाहेर काढायचे. त्याच्या खोबणीत वितळलेल्या तारेचे दोन काळे ठिपके आणि मधे धुराची एक लकेर असायची. ते ठिपके बोटाने पुसून बाबा पुठ्ठ्यावर गुंडाळलेल्या फ्यूजतारेतली एक तार काढायचे, एकच, आणि स्क्रूभोवती घड्याळाच्या दिशेने वळवायचे. स्क्रू आवळताना तार बाहेर न पडता आत ओढली जावी म्हणून ती त्याच दिशेने. एकदा मी म्हटलं, दोन तारा बांधा ना, म्हणजे सारखा जाणार नाही. त्यांनी टॉर्चच्या उजेडात माझ्याकडे पाहिलं. "फ्यूजची तार जाड केली, पण भिंतीतली वायर तीच राहिली. मग आता आधी कोण तापेल, सांग." मला उत्तर सुचायला बराच वेळ लागला, आणि ते सुचेपर्यंत त्यांनी मेन वर केला नाही. आम्ही दोघं अंधारात उभे होतो.

त्यांची एक वही होती. अजूनही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, उभ्या रेघांची, दुकानातल्या खतावणीसारखी. फ्यूज जाऊन एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणारे खटके आले तेव्हा बाबांनी नवं पान सुरू केलं आणि वर लिहिलं, "मेन स्विच, जमा ४० अँपिअर". त्याखाली खर्चाची बाजू. घरात कुठलीही वस्तू आली की खोक्यातून ती बाहेर काढण्याआधी बाबा मागच्या पट्टीवरचे वॅट वाचायचे, घरातल्या विजेच्या २३० व्होल्टने भागून अँपिअर काढायचे आणि वहीत उतरवायचे. गिझर २०००. मायक्रोवेव्ह १२००. इस्त्री १०००. पाण्याचा पंप एक हॉर्सपॉवर, म्हणजे ७५०. धुलाई यंत्र ५००. फ्रीज २००. पंखे-दिवे मिळून ८५०. बेरीज ६५००. म्हणजे सगळं एकदम लावलं तरी २८ अँपिअर. त्याखाली लाल शाईची दुहेरी रेघ. कॉलेजात असताना मला ही वही पाहून थोडी लाज वाटायची. एवढं कोण मोजतं, असं वाटायचं.

त्या रेघेखाली पुढे काहीच लिहिलेलं नाही. नंतरच्या वस्तू मी आणल्या. दोन एसी, वरच्या न्हाणीघरातला दुसरा गिझर, इंडक्शनची शेगडी. प्रत्येक वेळी बसवणारा माणूस आला, त्याने बसवलं, चालू करून दाखवलं, मी सही केली. वही कुठे आहे हे मला ठाऊक होतं. ती काढावी असं एकदाही वाटलं नाही, आणि बाबांनीही ती मागितली नाही. मुलीच्या कमाईतून येणाऱ्या वस्तूंवर हिशेबाची वही घेऊन उभं राहणं त्यांना बरं वाटलं नसावं. हा माझा अंदाज. त्यांना विचारायचा धीर मला झालेला नाही.

तिसऱ्या दिवशी वायरमन आला. पंचविशीतला, कमी बोलणारा, पट्ट्याला क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती अडकवून प्रवाह मोजायचं यंत्र, अडकवलेलं. आल्या आल्या त्याने गाडीकडे पाहिलंही नाही, आधी बोर्ड कुठे आहे ते विचारलं. मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली, मग मीटरने पुन्हा खात्री केली, आणि चार स्क्रू काढून बोर्डाचं पुढचं झाकण उतरवलं. ज्या घरात मी वाढले त्या घराचं हे पोट मी पहिल्यांदाच पाहत होते. आत धूळ होती, कोळिष्टकं होती, कधीकाळी शिरलेल्या पालीचं वाळून कागद झालेलं अंग होतं, आणि या सगळ्यात बाबांनी त्या वेळी समोर उभं राहून करून घेतलेलं काम अगदी सरळ, काटकोनात वळलेलं. प्रत्येक वायरला कापडी पट्टी, पट्टीवर त्यांच्या बारीक अक्षरात नाव. "मधली खोली, पंखे." "पंप." इतक्या वर्षांनीही शाई वाचता येत होती. मग वायरमनने उजेड थोडा खाली नेला आणि आम्हा तिघांनाही एकदम दिसलं. न्यूट्रल लिंकच्या, म्हणजे परतीच्या सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात त्या पितळी पट्टीवर, खालून दुसऱ्या स्क्रूपाशी, वायरचं काळं आवरण करपून तपकिरी झालं होतं आणि टोकाला कडक होऊन तडकलं होतं. एकाच स्क्रूखाली दोन वायरी कोंबल्या होत्या. त्याने पेचकस लावला, तर स्क्रू पाव फेरा सहज फिरला.

"हे लूपिंग कुणी केलंय, काका?"

बाबांनी चष्मा वर केला, जवळ जाऊन पाहिलं. "याला पट्टी नाही," ते म्हणाले. आणि खरंच नव्हती. सगळ्या बोर्डात ही एकच वायर बिननावाची. मग मला आठवलं. सहा वर्षांपूर्वी गाडीची सीटं साफ करायला पोर्चमध्ये व्हॅक्यूम क्लीनर लावता यावा म्हणून मीच ते सॉकेट घाईत काढून घेतलं होतं. बाबा तेव्हा गावाला गेले होते. आलेल्या माणसाने वरच्या खोलीतल्या एसीच्या एमसीबीवरूनच वायर ओढली, कारण ती जवळ होती, आणि तासाभरात काम संपवून गेला. मी "मी करून घेतलं होतं," असं म्हटलं. कुणी काही बोललं नाही. बोर्ड जुना झाला, बाबांचं काम आता पुरं पडत नाही, असं ऐकावं लागेल आणि त्यांना वाईट वाटेल, ही धास्ती मला सकाळपासून होती. करपलेली वायर माझी निघाली. त्या क्षणी मला आधी हायसं वाटलं आणि मग आपल्याला हायसं वाटल्याचीच लाज वाटली.

सहा वर्षं ते काही बोललं नाही आणि एका रात्रीत कसं करपलं, याचं उत्तर वायरमनने बोर्डाच्या झाकणावरच खडूने लिहून दाखवलं. चांगल्या घट्ट जोडाला रोध जवळपास नसतोच. ढिल्या जोडाला समजा एक दशांश ओहम आहे. वरचा एसी साधारण ७ अँपिअर ओढतो. उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ४९ भागिले १०, पाच वॅटच्या आत. तेवढी ऊब पितळी पट्टी हवेत सोडून देते, कुणाला कळतही नाही. गाडीच्या केबलने १४ ओढले. न्यूट्रल दोघांची एकच, म्हणून २१. प्रवाह तिप्पट झाला, पण २१ चा वर्ग ४४१, म्हणून उष्णता नऊपट, ४४ वॅट. "ताई, डाग द्यायची सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते," तो म्हणाला. मी त्या स्क्रूकडे पाहिलं. हरभऱ्याएवढ्या जागेत दोन सोल्डरिंग आयर्न रात्रभर टेकवून ठेवल्यासारखं. जूलने १८४० मध्ये आपल्या घरातल्या प्रयोगशाळेत तारेचं वेटोळं पाण्यात बुडवून, थर्मामीटर लावून हा वर्गाचा नियम शोधला, हे मी शाळेत घोकलं होतं, पेपरात लिहून गुणही मिळवले होते. पाण्याऐवजी भिंत असली तरी नियम तोच, हे तेव्हा कुणी म्हणालं असतं तरी माझ्या मनात शिरलं असतं असं नाही.

"पण मग एमसीबी का नाही पडला?" हा माझा पुढचा प्रश्न, आणि मला वाटतं, गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने हा एकदा तरी विचारावा. एमसीबी पडला नाही म्हणजे सगळं ठीक, असं आपण मानतो. त्याच्या आत दोन धातूंची एक पट्टी असते, जास्त प्रवाहाने ती तापून वाकते आणि खटका सोडते. शॉर्टसर्किटसाठी वेगळी गुंडाळी असते, ती क्षणात काम करते. पण ही पट्टी फक्त आपल्यातून जाणारा प्रवाह ओळखते. चार इंचांवरचा ढिला स्क्रू किती तापलाय हे तिला कळायला मार्गच नाही, कारण ढिल्या जोडामुळे प्रवाह वाढत नाही. शिवाय पट्टीला स्वतःचा सैलपणा आहे. घरगुती एमसीबीच्या आंतरराष्ट्रीय मानकात लिहिलंय की नोंदवलेल्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाह तासभर गेला तरी त्याने पडू नये, आणि १.४५ पट झाला तर तासाभरात पडलंच पाहिजे. आमचा त्या सर्किटचा एमसीबी २० चा. २१ अँपिअरला तो पडणं अपेक्षितच नव्हतं. त्याने आपलं काम चोख केलं होतं. रात्रभर.

आणि हा 'रात्रभर' शब्दच सगळ्याच्या मुळाशी आहे. घरातल्या दुसऱ्या कुठल्याही वस्तूचा असा स्वभाव नाही. गिझर वीस मिनिटांत पाणी तापवून थांबतो. इस्त्री पाच मिनिटं तापते, दोन मिनिटं थांबते. पंप टाकी भरली की बंद. एसीदेखील खोली गार झाली की दम खातो. वायरी, जोड, सॉकेटातल्या पितळी पकडी या सगळ्यांना मधे निवायला उसंत मिळते, आणि अनेक घरांतली जुनी वायरिंग त्या उसंतीवरच तग धरून असते. गाडी सहा-सहा, आठ-आठ तास एका लयीत, एक अँपिअरही कमी न करता ओढत राहते. म्हणून गाडीच्या सर्किटला काही देशांत नियमच असा आहे की गाडी ओढेल त्याच्या सव्वापट क्षमता धरा. आणि जिथे घरातल्या सगळ्या वस्तू एकदम चालत नाहीत म्हणून बेरजेत सूट देतात, तिथेही गाडीला सूट नाही, ती पूर्ण धरायची. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरोबर आहे. तासभर निभावणं वेगळं, रात्रभर पेलणं वेगळं."

मग वही निघाली. बाबांनीच काढली. मी वॅट वाचत गेले, ते लिहीत गेले. दोन एसी ३०००, दुसरा गिझर २०००, शेगडी २०००. जुन्या ६५०० मध्ये हे ७००० मिळाले, १३,५०० झाले. भागिले २३०, जवळपास ५९ अँपिअर. वर लिहिलेलं जमा ४०. बाबांनी पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं आपण जमेपेक्षा जास्त खर्च केला, असा त्यांचा चेहरा झाला होता. वायरमनने समजावलं की काका, कुणाच्याही घरी सगळं एकदम चालत नाही, कागदावरची बेरीज आणि प्रत्यक्ष ओढ यांत फरक असतो. तो फरक किती, ते अंदाजाने न ठरवता मोजू. त्याने मेनच्या वायरीभोवती एक छोटं कडं अडकवलं, त्याची जोडणी मोबाइलला केली, आणि म्हणाला, आठवडाभर राहू दे. पोर्चचं सॉकेट त्याने त्याच दिवशी कायमचं तोडून टाकलं. गाडी तो आठवडा बाहेर चार्ज केली.

त्या आठवड्यातला आलेख मी जपून ठेवलाय. पहाटेचा फ्रीज म्हणजे ठरावीक अंतरावरची बुटकी टेकाडं. सहाला पंप, सरळ उभी भिंत, सपाट छप्पर, सरळ उतरलेली भिंत. त्यानंतरच्या एका चौकोनी उंचवट्यावर बोट ठेवून बाबा म्हणाले, "हे सव्वासहा. म्हणजे मी." त्यांच्या आंघोळीचा गिझर. साडेसातला माझा. दुपारी घर जवळजवळ झोपलेलं, दोन अँपिअरवर. आणि बुधवारी संध्याकाळी आठ वाजता एक सुळका, ३१ अँपिअर. मला ती संध्याकाळ आठवते, घरात पाहुणे होते, वर कुणीतरी आंघोळ करत होतं, शेगडी, मायक्रोवेव्ह आणि एक एसी एकदम चालू होते. रात्री अकरानंतर मात्र १२ च्या वर रेघ एकदाही गेली नाही. स्वतःच्या घराचं असं चित्र मी कधी पाहिलं नव्हतं. कोण कधी उठतं, कोण किती वेळ पाणी सोडतं, कोण रात्री उशिरापर्यंत जागं असतं, सगळं त्या एका रेघेत होतं.

आता खरा हिशेब. मला हवा होता भिंतीवरचा ३२ अँपिअरचा चार्जर. २३० व्होल्टला तो ७.४ किलोवॅट देतो आणि माझी गाडी जवळपास तेवढे घेऊ शकते. ३१ मध्ये ३२ मिळवले की ६३. रात्री १२ मध्ये ३२ मिळवले तरी ४४. मेन ४० चा. मी हळूच म्हणून पाहिलं की ४४ ला मेन पडणार नाही ना, १.१३ पट म्हणजे ४५ होतात. वायरमनने माझ्याकडे पाहिलं, बाबांनीही पाहिलं. आठवड्यापूर्वी करपलेली वायर पाहूनही माझ्या डोक्यात फ्यूजमध्ये दोन तारा बांधायचाच विचार होता.

शिवाय मेन हा एकच उंबरठा नाही. वीजबिल काढून पाहिलं, तर आमचा मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने घराला ठरवून दिलेली ओढ, ५ किलोवॅट. म्हणजे बुधवारच्या ३१ अँपिअरलाच, सात किलोवॅटला, आम्ही तो ओलांडला होता. मीटरवर त्याची स्वतःची कमाल मर्यादा छापलेली असते. बाहेरून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस केबल किती जाडीची, तिची मर्यादा वेगळी. मग मेन, मग बोर्डातली पट्टी, मग पोर्चपर्यंतची वायर. या साखळीत जे सगळ्यांत लहान, तेच घराचं खरं माप. नुसता बोर्डाचा मोठा आकडा वाचून कुणी हो म्हणत असेल तर ऐकू नये, असं माझं स्पष्ट मत झालंय. झाकण उघडल्याशिवाय, स्क्रू आवळून पाहिल्याशिवाय, मीटर लावल्याशिवाय ते कळत नाही.

मार्ग सुचवला तो वायरमनने, पण पटवला बाबांनी. त्यांनी विचारलं, "रोज किती फिरतेस?" मी म्हटलं, चाळीस किलोमीटर. गाडी किलोमीटरला साधारण १५० वॅट-तास खाते, म्हणजे रोजचे ६ युनिट. वाटेतली गळती धरून सात. १६ अँपिअरचा चार्जर ३.७ किलोवॅट देतो. दोन तासांत काम संपतं. "मग ३२ कशाला?" मला खरंच उत्तर नव्हतं. मोठी बॅटरी पाहून मी रोज ती रिकामी होणार असं धरलं होतं. टाकी रिकामी झाल्यावर भरायची, ही जुन्या गाडीची सवय. ही गाडी रात्री घरी उभी असते, दिवसभरात गेलं तेवढं परत घालायचं, बस. तरीही मन थोडं खट्टू झालं, हे खरं आहे. गाडी जेवढं घेऊ शकते त्याच्या निम्मंच आपण देणार, यात कुठेतरी कमीपणा वाटत होता. तो जायला काही आठवडे लागले.

त्याच दिवशी वायरमनने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला फार आवडली. भिंतीवरची पेटी ही खरं तर चार्जर नसतेच. घरातल्या उलटसुलट वाहणाऱ्या (एसी) विजेची एकाच दिशेने वाहणारी (डीसी) वीज करून ती बॅटरीत घालणारा चार्जर गाडीच्या आत बसवलेला असतो. भिंतीवरची पेटी गाडीला फक्त निरोप देते. केबलमध्ये जाड वायरींसोबत एक बारीक वायर असते, तिच्यातून सेकंदाला हजार वेळा बारा व्होल्टची स्पंदनं जातात, वर-खाली, वर-खाली. स्पंदन किती वेळ वर राहतं यावरून गाडी ओळखते की या घरून किती घ्यायचं. दहा टक्के वेळ वर असेल तर ६ अँपिअर. सत्तावीस टक्क्यांच्या आसपास असेल तर १६. त्रेपन्नला ३२. त्याहून जास्त गाडीने घ्यायचं नाही, तिची ताकद असली तरी. आणि मेनवर कडं बसवलेलं असलं, तर संध्याकाळी घरात ओढ वाढली की पेटी आपोआप स्पंदन अरुंद करते, गाडी सहावर उतरते, गरज पडली तर थांबते, घर निवलं की पुन्हा घेऊ लागते. बाबा हे लक्ष देऊन ऐकत होते. "म्हणजे किती ओढायचं हे गाडी ठरवत नाही," ते म्हणाले. "आपण सांगायचं." मी हो म्हटलं. "मग सांगणाऱ्याला ठाऊक पाहिजे."

काम दोन दिवस चाललं. मंजूर भार वाढवायचा अर्ज आधीच झाला होता, सर्व्हिस केबल आणि मीटर तपासून तो मिळालाही. नवा बोर्ड आला, गाडीसाठी त्यात स्वतंत्र एमसीबी, स्वतंत्र आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की ती तोडणारा खटका. साधा आरसीसीबी इथे चालत नाही, कारण गाडीतून थोडा डीसी प्रवाह गळून मागे आला तर साधा आंधळा होतो आणि माणसाला धक्का बसत असतानाही पडत नाही. म्हणून ए प्रकारचा, आणि पेटीत ६ मिलिअँपिअरचा डीसी ओळखणारी सोय आहे याची खात्री. पोर्चपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, मधे एकही जोड न देता. १६ ला एवढी जाड लागत नाही, पण पुढे कधी वाढवायचं झालं तर भिंत पुन्हा फोडायला नको. अर्थिंग मोजलं, ते चांगलं निघालं. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी घालायचं काम लहानपणी माझ्याकडे होतं. माती ओली असली की वीज तिच्यात सहज उतरते, म्हणून. मी ते कधीच सोडून दिलं होतं. बाबांनी सोडलं नव्हतं.

जुना बोर्ड उतरवला तेव्हा भिंतीवर त्याच्या मापाचा स्वच्छ चौकोन राहिला, भोवतीच्या रंगापेक्षा उजळ. बाबांनी तो जुना पत्रा हातात घेऊन उलटसुलट पाहिला, पुसला आणि पुन्हा खाली ठेवला. मला वाटलं आता काही बोलतील. त्यांनी वायरमनकडे पट्ट्या मागितल्या. "नावं मी लिहितो." हात आता थरथरतो, अक्षर पूर्वीसारखं बारीक येत नाही. प्रत्येक पट्टीला वेळ लागत होता आणि वायरमन हातातलं काम थांबवून उभा राहिला, एकदाही घड्याळाकडे न पाहता. शेवटची पट्टी बाबांनी माझ्यापुढे सरकवली. मी लिहिलं, "गाडी, १६". वायरमनने प्रत्येक स्क्रू हाताने आवळला, मग टॉर्क लावायच्या पेचकसाने पुन्हा, आणि जाताना सांगून गेला की महिन्याने येऊन सगळे परत आवळून बघेन, तापून-निवून जोड सैल होतात.

त्या रात्री अकराला चार्जिंग सुरू होईल असं लावलं. मोबाइलवर रेघ १२ वरून २८ वर चढली आणि तिथेच राहिली. मी झोपले नाही. पावणेदोनला खाली आले, तर पॅसेजमध्ये बाबा होतेच. या वेळी त्यांनी दिवा लावला होता आणि बाजूला स्टूल घेतलं होतं. मांडीवर वही. नव्या पानावर मंजूर भाराचा आकडा, त्याखाली जुन्या-नव्या सगळ्या वस्तू पुन्हा पहिल्यापासून, आणि शेवटी गाडी. मी काही न विचारता बोर्डाच्या पत्र्यावर तळवा ठेवला. मग मेनच्या जागी. मग खाली, न्यूट्रलच्या बाजूला. बाबा उठले आणि त्यांनीही माझ्या हाताशेजारी हात ठेवला. पत्रा गार होता, रात्रीच्या भिंतीसारखा.

"आणखी तासाभराने परत बघू," ते म्हणाले.